वेटिंगवाले भैयालाल

भिलाईच्या जुनवानीत सकाळी दहाच्या सुमाराला कोणी भैयालाल लांजेवारच्या घराची बेल वाजवली, तर त्याची बायको मैनाबाई आतूनच ओरडायची, "तत्काल सुरू हाये! बसा जरा!" वाजवणारा मुकाट्यानं ओट्यावर बसायचा. बहुतेक वेळा तो स्वतःच्याच तिकिटासाठी आलेला असायचा, त्यामुळे रागवायचा प्रश्नच नव्हता. आत भैयालाल आंघोळ करून, कपाळाला गंध लावून कॉम्प्युटरपुढे बसलेला असे. प्रवाशांची नावं-वयं आधीच भरून तयार. या वेळेत घरात मिक्सर लावायचा नाही, कारण फ्यूज उडाला तर काय घ्या. पडद्यावरची ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करायची वेळ आली की तो श्वास रोखून धरायचा. मग एकदम खुर्ची मागं सरकल्याचा आवाज व्हायचा आणि गल्लीत बातमी जायची: वंदना मॅडमचं पुण्याचं कन्फर्म, आणि तेही खालचा बर्थ.

या कामाचे तो कोणाकडून काही घेत नसे. उलट चहा त्याच्याच घरचा. पण तिकीट हातात ठेवताना "पाहून घ्या, बर्थ पाहून घ्या" असं तो दोनदा म्हणायचा, आणि समोरच्यानं पाहून, मान डोलावून, "वा लांजेवारजी" म्हटल्याशिवाय त्याला सोडत नसे.

माणूस मूळचा गोंदियाकडचा, आमगावजवळच्या खेड्यातला. बाप कवडू लांजेवार धानाची शेती करायचा, पण भाऊ इतके होते की भैयालालच्या वाट्याला शेत नाही, नुसता बांध आला असता. काकानं त्याला भिलाईला आणून स्टील प्लांटमध्ये चिकटवलं. नोकरी मिळाली तीही एका परीनं रेल्वेतलीच. प्लांटच्या आत स्वतःचे रूळ आहेत, स्वतःची इंजिनं आहेत, आणि भट्टीतून निघालेलं लालबुंद पातळ लोखंड त्या रुळांवरून पुढं जातं. भैयालाल तिथं पॉइंट्समन होता. सगळी हयात गाड्यांना वाट करून देण्यात गेली, पण त्यातल्या एकाही गाडीत तो कधी बसला नाही. "आमच्या गाडीत बसला असता त मी उतरलोच नसतो," असं तो म्हणायचा आणि आपणच हसायचा.

रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं, जुनवानीत घर झालं, आणि मोहितनं, म्हणजे मुलानं, बापाचा वेळ जावा म्हणून त्याला नेटवर तिकीट काढायला शिकवलं. तिथंच घोटाळा झाला. मोहितला वाटलं बाप एक काम शिकला. भैयालाल धर्म शिकला होता.

त्या धर्माची तत्त्वं सोपी होती. तिकीट म्हणजे तीन गोष्टी: नाव, डबा, बर्थ. यातलं एक जरी कमी असलं तरी ते तिकीट नव्हे. नेटवरचं वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, आणि ते घेऊन डब्यात चढणारा माणूस हा सभ्य कपड्यातला फुकट्या. तिकीट मोबाइलवर दाखवलं तरी चालतं, हे तो गल्लीभर सांगत फिरायचा. स्वतः मात्र नेहरू नगरच्या दुकानातून छापून आणायचा, दोन प्रती, एक आपल्या खिशात आणि एक मैनाबाईच्या पर्समध्ये. प्रवासात आपल्या बर्थवर दुसरा कोणी बसलेला सापडला की त्याला मनातून आनंद व्हायचा. "भाईसाब, जरा नंबर देखेंगे?" असं तो इतक्या गोडीनं म्हणायचा की समोरचा माणूस उठता उठता माफीही मागून जायचा.

असा हा नंबराचा पक्का माणूस, आणि त्याच्या पोटी दामिनी.

दामिनी धाकटी. शिकायला जर्मनीला गेली, मारबुर्ग नावाच्या गावात औषधाच्या कंपनीत लागली, आणि एका रविवारी फोनवर तिनं सांगितलं की लग्न झालं. होणार आहे असं नाही. झालं. मुलगा तिथलाच, माथियास नावाचा.

"अख्खा हिंदुस्थान भिलाईत येऊन रायला," भैयालाल फोनमध्ये गरजला होता. "मल्याळी हायेत, तेलुगू हायेत, बंगाली हायेत, सरदार हायेत. एवढ्यात एक नाई भेटला तुले?"

त्यानंतर तो मुलीशी बोलला नाही. अडीच वर्षं. खरं सांगायचं तर राग जावयावर नव्हताच. दामिनीनं आधी विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, आणि मग चार महिन्यांनी हो म्हणाला असता, जसं सगळे बाप करतात. पण नाही म्हणायचा तो हक्क न वापरता तसाच राहून गेला होता आणि आत टोचत होता. दर रविवारी मायलेकींचा व्हिडिओ कॉल चालायचा, तेव्हा हा शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचा. फोन ठेवला की थोड्या वेळानं, सहज म्हणून विचारायचा, "सर्दी गेली का तिची?" मैनाबाई म्हणायची, "तुमीच इचारा ना." मग टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

दामिनीला दिवस गेले तेव्हा पेच पडला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, पण तिकडच्या डॉक्टरनं विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं.

"मंग मी जातो तिच्याकडं," मैनाबाई म्हणाली.

"एकटी? तू दुर्गच्या बाजारातून एकटी वापस येत नाई, अन् जर्मनीले जाशीन?"

"त मंग चला."

भैयालाल अडकला. त्यानं बराच वेळ सुपारी कातरली आणि अट घातली. "येतो. पन आपण पोरीकडचे. मानपानात जरा बी कमी पडलं ना, त त्याच पावली वापस. अन् बोलाचं की नाई बोलाचं, ते मी पाहीन."

मैनाबाईनं हो म्हटलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या सगळ्या अटींना ती हो म्हणत आली होती आणि त्यातली एकही तिनं कधी पाळली नव्हती. तिला एकच हवं होतं, बापलेकीनं एकदा तोंड उघडावं. आणि भीती एकच होती, की हा माणूस तिथं पोचायच्या आधीच रुसायला काहीतरी कारण शोधून काढेल.

कारण घरबसल्याच मिळालं. विमान फ्रँकफर्टला उतरणार होतं, तिथून मारबुर्गची ट्रेन. दामिनीनं तिकडूनच ट्रेनचं तिकीट काढून मोहितला पाठवलं आणि मोहितनं ते बापाच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. भैयालालनं चष्मा लावला. दोघांची नावं होती, तारीख होती, आणि ठिपक्याठिपक्यांचा एक काळा चौकोन होता.

"डबा कोणता?"

"डब्बा नहीं रहता बाबा उसमें."

"बर्थ?"

"वो बी नाई राहत."

"मंग रायते काय?"

"क्यूआर. ते स्कॅन करतात. प्रिंट नाही लागत, कागद नाही लागत, मोबाइल दाखवा, बस."

भैयालालनं चष्मा काढला. "म्हणजे वेटिंग हाये."

"अरे बाबा, वहाँ वेटिंग होताच नाही!"

"मले शिकवू नको. आरएसीवर बी नंबर रायते. ज्याच्यावर नंबरच नाई, त्याले वेटिंग नाई त काय म्हणते?"

"तो फिर दामिनी को फोन करके पूछ लो ना!"

यावर भैयालालनं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. चौकशीची तेवढी एकच खिडकी होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बंद करून ठेवली होती.

रात्री जेवताना तो मैनाबाईला म्हणाला, "गल्लीतल्या कुत्र्या-मांजराले बी मी कन्फर्म काढून देतो. अन् माह्या पोरीनं मले वेटिंगवर टाकलं." त्याला वाईट वाटलं होतं, खरोखर वाटलं होतं. आणि रुसलेल्या माणसाला एकदा हक्काचं दुःख मिळालं की तो ते सांडू न देता जपून नेतो. त्यानं ठरवलं, काही बोलायचं नाही. वेटिंगवर पाठवलं ना, वेटिंगवर जाऊ. उभ्यानं जाऊ. पाहू दे तिलाही.

फ्रँकफर्टला न्यायला दामिनीची मैत्रीण गुंजन आली होती. भिलाईतल्या स्मृतीनगरचीच पोरगी, आता फ्रँकफर्टला नोकरी करणारी. दामिनीला आठवा लागला होता, आणि माथियासला ड्यूटीवरून सरळ मारबुर्गच्या स्टेशनवर यायचं होतं. सगळं रीतसर होतं, पण भैयालालनं मनात नोंद घेतली: मुलगी नाही, जावई नाही, मैत्रीण. गुंजननं दोघांना स्टेशनवर आणलं. प्लॅटफॉर्मवर जाताना कोणी अडवलं नाही, कोणी तिकीट विचारलं नाही. भैयालालचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडं जात होता. खिशात कागद नव्हता. जन्मात पहिल्यांदा तो रिकाम्या खिशानं गाडीत चढत होता आणि त्याला चोरट्यासारखं वाटत होतं.

गुंजननं सुटकेसा दारातून आत ढकलल्या. दार बंद व्हायला लागलं तेव्हा ती बाहेरून ओरडली, "अंकल, कहीं भी बैठ जाना!"

झालं. जी काही शंका उरली होती ती फिटली. हे वाक्य भैयालालला पाठ होतं. दुर्ग स्टेशनवर वेटिंगवाल्या पाव्हण्याला पोचवायला आलेला माणूस खिडकीतून शेवटचं हेच सांगतो: चढ़ जाओ, कहीं भी बैठ जाना, टीटी से बोल देना.

"आयकलं?" तो मैनाबाईला म्हणाला.

"आयकलं ना. बसा म्हणे कुठंबी." मैनाबाईनं डब्यात पाहिलं. अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या, निळ्या, मऊ, खिडकीजवळच्या. तिचा गुडघा विमानातच आखडला होता. "चला ना."

"अवं, ते ज्याचे हायेत ते पुढच्या स्टेशनवर चढतीन. मंग उठवतीन. या उमरीत कोणी मले उठवन अन् मी उठीन? टीटी आल्याबिगर आपण बसत नाई."

मग मैनाबाई दाराजवळ सुटकेसवर बसली आणि भैयालाल दांडा धरून उभा राहिला. पहिलं स्टेशन आलं, गेलं. कोणी उठवायला चढलं नाही. दुसरं आलं. एक पोरगा चढला, कुठलाही नंबर न पाहता बसला आणि झोपला. "डेली पासवाला दिसते," भैयालाल म्हणाला.

समोरच्या जागेवर एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या पायाशी तांबूस रंगाचं एक कुत्रं पसरलं होतं. कुत्र्यानं मैनाबाईकडं पाहिलं, मैनाबाईनं कुत्र्याकडं.

"अवो, कुत्रं आरामात अन् आपण दरवाजात."

"त्याचं कन्फर्म असन."

म्हातारीला राहवेना. तिनं समोरच्या रिकाम्या जागांवर हात थोपटून त्यांना बोलावलं. भैयालालनं हात जोडले, मान हलवली, आणि तिला कळावं म्हणून इंग्रजीतच सांगितलं, "नो, नो. वेटिंग. वी वेटिंग."

"आ, वेटिंग!" म्हातारीचा चेहरा उजळला. तिला वाटलं, यांची कोणी सोबतीण मागच्या डब्यातून यायची आहे, तिची वाट पाहत आहेत. तिनं जोरजोरात मान डोलावली आणि आपली पिशवी, छत्री, कोट समोरच्या तीन जागांवर मांडून ठेवले, म्हणजे ही मंडळी येईपर्यंत दुसऱ्या कोणी बसू नये. पुढच्या स्टेशनवर एक जोडपं तिथं बसायला आलं तर तिनं त्यांना चक्क हुसकावलं.

"पाह्य," भैयालाल कुजबुजला, "मी काय म्हनत होतो? सगळ्या सीटा धरून हायेत."

आता तो टीटीच्या काळ्या कोटाची वाट पाहू लागला. कोट काही येईना. आली ती शेंडी बांधलेली एक तरुण पोरगी, गळ्यात यंत्र अडकवलेलं. ती तिकीट तपासनीस आहे हे कळायला त्याला वेळ लागला. कळलं तसा तो ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मोबाइल पुढं केला. पोरीनं चौकोनावर यंत्र धरलं, टुणकन आवाज आला, ती हसून काहीतरी म्हणाली आणि चालू पडली.

"मॅडम! मॅडम! सीट?"

पोरगी वळली आणि तिनं हात असा फिरवला की अख्खा डबा त्यात आला.

"नो मॅडम," भैयालाल हट्टानं म्हणाला. नियम तो नियम, तो समोरच्याला माहीत नसला तरी. "वी आर वेटिंग."

म्हातारीनं मध्ये पडून आपल्या भाषेत सगळा खुलासा केला: हे दोघं कोणाची तरी वाट पाहत आहेत, कधीपासून उभे आहेत बिचारे, जागा मी धरून ठेवल्या आहेत. पोरीला नवल वाटलं. तिनं इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "हू आर यू वेटिंग फॉर?"

भैयालालला प्रश्न कळला, पण असा प्रश्न टीटी विचारेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वेटिंग किती, हे विचारतात. वेटिंग कोणासाठी, हे आजवर त्याला कोणीच विचारलं नव्हतं. तो मैनाबाईकडं वळला.

"काय म्हनते ते?" मैनाबाईनं विचारलं.

"कोणाची वाट पाहून राहिले, म्हनते."

मैनाबाईला इंग्रजी म्हणाल तर आठ-दहा शब्द येत असतील. पण त्यातला एक नेमका या प्रश्नाच्या उत्तराचा होता.

"डॉटर," ती सुटकेसवरूनच म्हणाली. "डॉटर, मारबुर्ग."

"ओ," पोरगी म्हणाली. मारबुर्गला अजून बराच वेळ होता. "लाँग वेटिंग!" आणि हसत पुढच्या डब्यात निघून गेली.

भैयालाल दांडा धरून तसाच उभा राहिला. लाँग वेटिंग. किती जणांना त्यानं कॉम्प्युटरसमोर बसून हे दोन शब्द ऐकवले होते: लाँग वेटिंग आहे, आशा ठेवू नका, दुसरा दिवस पाहा. पडद्यावर लाल अक्षरात ते दिसलं की तो पुढं काही न बोलता मशीन बंद करायचा.

"अडीच वर्सं झाले," मैनाबाई म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसता गुडघा चोळत होती. "माहा पाय दुखून राहिला. आता तरी तिले इचारा, बर्थ किती म्हनून."

भैयालालनं मोबाइलमधलं तिकीट मागं सारलं. दामिनीचं नाव त्यानं कधी पुसलं नव्हतं. ते शोधायला तसा वेळ लागायला नको होता, पण लागला. त्यानं चष्मा वर-खाली केला, एकदा चुकून मोहितचं नाव दाबून घाईघाईनं कापलं, आणि मग बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. पहिलीच घंटी पूर्ण वाजायच्या आत दामिनीनं उचलला; बापाच्या नंबरावरूनही आईच बोलणार, असं तिनं धरलं होतं.

"हां आई, बसले का तुमी?"

"मी हाये."

गाडी एका नदीवरून जात होती, तिचा खडखड आवाज तेवढा दोन्हीकडं ऐकू येत असावा. अडीच वर्षांत त्यानं या क्षणासाठी मनात पुष्कळ काय काय जमवून ठेवलं होतं, एकाहून एक झोंबणारं. त्यातलं काही आठवेना.

"बर्थ नंबर किती हाये आपला?" त्यानं विचारलं.

"बाबा?"

"तिकिटावर लिहेलच नाई. आमी दरवाजाजवळ उभे आहो. आई सुटकेसवर बसून हाये."

"फ्रँकफर्टपासून?" दामिनी किंचाळली. "अवो बाबा, इथं बर्थ नाई रायत. जिथं जागा दिसन तिथं बसाचं. तुमी मले कावून नाई इचारलं? तिकीट पाठवून महिना झाला!"

"तू मले इचारलं होतं का?"

हे तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच कळलं की हे तिकिटाबद्दल नाही. तिलाही कळलं.

"नाई," ती म्हणाली. "नाई इचारलं, बाबा. तुमी नाई म्हनसान म्हनून भेव वाटला."

"नाईच म्हनलं असतं."

"मले मालूम होतं."

"मंग हो बी म्हनलं असतं. थांबाले पायजे होतं जराकसं." त्यानं दांड्यावरचा हात काढून डोळ्यांवरून फिरवला. "जाऊ दे. तू नाई इचारलं, मी नाई इचारलं. फिट्टंफाट झाली."

दामिनी हसली, आणि ते हसणं मध्येच कुठंतरी मोडलं.

"ए, रडू नको. या टायमाले रडत नसतेत. पोराले लागते ते." आवाज दरडावायचा होता, पण तो तसा निघाला नाही. "सर्दी गेली का तुही?"

"कोणती सर्दी?"

"मांगच्या रविवारी खोकलत होती ना."

"तुमी आयकत होते?"

"तुमी आधी बसा पाहू," असं ती तिकडून म्हणत होती. त्यानं मैनाबाईला हात देऊन उठवलं. ती दोघं डब्यात येताना पाहून म्हातारीनं घाईघाईनं पिशवी उचलली, छत्री उचलली, कोट उचलला, आणि मागून तिसरं कोण येतंय ते मान उंच करून पाहिलं. कोणीच येत नव्हतं. भैयालालच्या कानाला लावलेल्या मोबाइलकडं तिचं लक्ष गेलं तेव्हा मात्र ती समजल्यासारखी हसली.

मैनाबाई खिडकीजवळ टेकली, पाय लांब केला आणि आपल्याला द्या म्हणून फोनसाठी हात पुढं केला. भैयालालनं फोन दुसऱ्या कानाला नेला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात पुढं केला.

"थांब ना वं," तो तिच्याकडं पाठ करून म्हणाला, "मी बोलून राहिलो ना तिच्यासंगं."